सप्टेंबरनंतर गाव कुणाचं?

तुम्ही टोरोंटोत किंवा त्याच्या आसपास राहत असाल, तर एखाद्या उन्हाळ्यात चार-पाच मित्रांनी मिळून मस्कोकाला नाहीतर कवार्था लेक्सला कॉटेज भाड्याने घेतलं असेल. हायवे ४०० वरून उत्तरेला जायचं, मग छोटा रस्ता, मग खडीचा रस्ता. कॉटेजमालकाची सूचनांची यादी भिंतीवर चिकटवलेली असते. कचरा बाहेर ठेवू नका, अस्वल येतं. जाताना डंपवर नेऊन टाका. टॉयलेटमध्ये कागदाशिवाय काही टाकू नका, सेप्टिक आहे. आणि फोनला रेंज नसेल तर अमुक नंबरची पाटी लक्षात ठेवा, अँब्युलन्सला तोच पत्ता सांगायचा.

ही यादी आपण वाचतो आणि विसरतो. पण तिच्यातल्या प्रत्येक ओळीमागे कुठली तरी संस्था आहे, कुठला तरी कायदा आहे आणि बऱ्याचदा एक जुनं भांडणही आहे. डंप कोण चालवतं? खडीच्या रस्त्यावरचा बर्फ जानेवारीत कोण काढतं, आणि तेव्हा तिथे कुणी राहत नसेल तर का काढायचा? सेप्टिक टँक गळून तळ्यात मिसळत नाही ना, हे कोण बघतं? आणि या सगळ्याचा खर्च कुणी द्यायचा, हे ठरवणाऱ्या बैठकीत कोण बसतं?

आजच्या लेखात आपण ओंटारिओतल्या या कॉटेजवस्त्यांच्या कारभाराचा इतिहास बघणार आहोत. सरकारी कागदपत्रांत त्याला ‘सेवांचं आधुनिकीकरण’ म्हणतात. वाचायला कंटाळवाणं वाटतं, मान्य. पण माझं म्हणणं असं आहे की रस्ता, कचरा, पोलीस, इंटरनेट यातली कुठलीही गोष्ट तिथे सुधारायला घेतली की दरवेळी एकच प्रश्न वर येतो: या गावाचा माणूस म्हणजे कोण? तिथे बारा महिने राहणारा, की तिथे ज्याची मालमत्ता आहे तो? दोनशे वर्षं झाली, या प्रश्नाचं एकच एक उत्तर अजून मिळालेलं नाही. आणि त्यात तुमचाही संबंध आहे, तो कसा ते शेवटी येईलच.

रस्त्याची वेठ

सुरुवात १७९३ पासून करू. आजच्या ओंटारिओला तेव्हा अप्पर कॅनडा म्हणत. त्या वर्षी तिथल्या नव्या विधिमंडळाने रस्त्यांसाठी कायदा केला. सरकारकडे पैसा नव्हता, मजूर नव्हते, पण वसाहतीतल्या लोकांचे हात होते. म्हणून नियम असा, की प्रत्येकाने वर्षातले ठरावीक दिवस आपली हत्यारं घेऊन यायचं आणि आपल्या भागातल्या रस्त्यावर राबायचं. याला ‘स्टॅच्यूट लेबर’ म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द नाही. वेठ म्हणावं तर इथे काम स्वतःच्याच रस्त्याचं आहे, आणि श्रमदान म्हणावं तर ते ऐच्छिक नाही. पुढे कुणी किती दिवस राबायचं हे त्याच्या मालमत्तेच्या मोजणीवर ठरायला लागलं, आणि ज्याला राबायचं नसेल त्याला पैसे भरून सुटण्याची सोय झाली.

या व्यवस्थेत एक गृहीतक होतं. गावातला माणूस गावातच राहतो, त्याच रस्त्याने गिरणीत आणि चर्चमध्ये जातो, आणि वसंतात चिखल झाला की त्याचीच गाडी रुतते. राहणारा, मालक आणि राबणारा हे तिघं एकच. १८४९ मध्ये ‘बाल्डविन ॲक्ट’ म्हणून ओळखला जाणारा नगरपालिका कायदा आला आणि टाउनशिपांना निवडून आलेली परिषद मिळाली. तिच्यामागेही हेच गृहीतक होतं. मतदानाचा हक्क मालमत्तेवर अवलंबून होता, पण शेतकऱ्यांच्या गावात मालमत्ता आणि वास्तव्य यांत फारसा फरक पडत नसे.

कॉटेज आलं आणि हे गृहीतक मोडलं.

फुकट जमीन, पण खडकाची

मस्कोका हा टोरोंटोच्या उत्तरेचा तळ्यांचा प्रदेश. तो रिकामा नव्हता. अनिशिनाबे लोकांची ही शिकारीची आणि मासेमारीची भूमी होती. वसाहतकऱ्यांना जमीन वाटायला सुरुवात झाली तेव्हा या भागाबाबत करारसुद्धा नीट झालेले नव्हते. ते १९२३ मध्ये ‘विल्यम्स करार’ या नावाने झाले, आणि तेही अशा पद्धतीने की त्याबद्दल कॅनडा आणि ओंटारिओ सरकारला २०१८ मध्ये जाहीर माफी मागावी लागली आणि १.११ अब्ज डॉलरची भरपाई मान्य करावी लागली. तेव्हा ‘गावाचा माणूस कोण’ या प्रश्नाची सुरुवातच मुळात आधीच्या माणसांना यादीतून वगळून झालेली आहे, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

१८६८ मध्ये ‘फ्री ग्रँट्स अँड होमस्टेड ॲक्ट’ आला. शंभर एकर जमीन फुकट. अटी अशा, की पाच वर्षांत पंधरा एकर साफ करून लागवडीखाली आणायची आणि किमान सोळा बाय वीस फुटांचं घर बांधून राहायचं. म्हणजे पुन्हा तेच: जमीन राहणाऱ्याची. लोक आले. पण मस्कोका कॅनेडियन शील्डवर बसलेला आहे, वरवर मातीचा पातळ थर आणि खाली प्राचीन खडक. झाडं तोडल्यावर बऱ्याच जणांच्या वाट्याला आली ती दगड वेचायची शेती.

याच काळात दुसरं एक गिऱ्हाईक येऊ लागलं. १८६६ मध्ये ए. पी. कॉकबर्न यांनी ‘वेनोना’ नावाची आगबोट मस्कोका तळ्यात सोडली होती. १८७५ मध्ये रेल्वे ग्रेव्हनहर्स्टपर्यंत पोहोचली. शहरातली माणसं मासेमारीला, हवा बदलायला यायला लागली. शेतकऱ्यांनी खोल्या भाड्याने दिल्या, दूध-अंडी विकली, काहींनी हॉटेलं काढली आणि पुष्कळांनी तळ्याकाठचा शेतीच्या उपयोगाचा नसलेला तुकडा विकला. विकत घेणारे टोरोंटोचे, तसेच अमेरिकेतल्या पिट्सबर्गसारख्या शहरांतले श्रीमंत. नांगराला नकोशी असलेली जमीन सगळ्यांत महाग होऊन बसली.

१८९४ मध्ये या कॉटेजवाल्यांनी ‘मस्कोका लेक्स असोसिएशन’ स्थापन केली. ती आजही आहे. तळ्यातलं पाणी स्वच्छ राहावं, पाण्याची पातळी नीट राहावी, बोटींना धोका नको, अशा गोष्टींसाठी ही संघटना भांडत आली. आता यातली प्रत्येक गोष्ट खरं तर स्थानिक सरकारची. पण टाउनशिपच्या परिषदेत बसलेल्या शेतकऱ्याला तळ्यापेक्षा रस्त्याची आणि शाळेची काळजी. म्हणून कॉटेजवाल्यांनी स्वतःचं एक समांतर व्यासपीठ उभं केलं. त्याला कर लावायचा अधिकार नाही, पण पैसा, ओळखी आणि टोरोंटोतल्या मंत्र्यांपर्यंत पोहोच भरपूर.

कोकणातल्या वाचकाला हे नवीन वाटणार नाही. गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांची ‘मुंबई शाखा’ आठवा. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, वर्षभर वर्गणी काढून देवळाचा सभामंडप बांधतात, शाळेला पत्रे घालतात, आणि मग ‘मुंबईकरांनी परस्पर ठरवलं’ म्हणून गाववाल्यांशी वाजतं. फरक एवढाच की चाकरमानी त्या गावातून गेलेला असतो. मस्कोकातला कॉटेजवाला बाहेरून आलेला.

आधुनिकीकरण आलं संडासातून

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आल्या, हायवे आले, पगारी सुट्ट्या आल्या. कॉटेज ही श्रीमंतांची मिरास राहिली नाही; कारखान्यातल्या फोरमनलाही छोट्या तळ्याकाठी लाकडी खोपटं परवडायला लागलं. पुढे त्याच खोपट्यांत वॉशिंग मशीन आणि फ्लशचे संडास आले.

इथून खरा प्रश्न सुरू झाला. एका तळ्याकाठी दहा घरं असतात तेव्हा कुणाचं सांडपाणी कुठे जातं याची चौकशी होत नाही. दोनशे झाली की तळं बोलायला लागतं. सेप्टिकमधून आणि साबणातून फॉस्फरस पाण्यात उतरतो, शेवाळ वाढतं, ते कुजताना खोल पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि थंड पाण्यातला ट्राउट मासा गुदमरतो. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ओंटारिओ सरकारने यावर मोठा अभ्यास हाती घेतला. एका तळ्याकाठी किती घरं झेपतील, याचा हिशेब मांडायचा. मस्कोकाजवळच्या डॉर्सेट इथलं संशोधन केंद्र या कामासाठी पुढे जगभर ओळखलं गेलं.

पण हिशेब मांडला तरी अंमलबजावणी कोण करणार? एका तळ्याचे तीन काठ तीन टाउनशिपांत. एकीने बांधकाम थांबवलं तर दुसरी परवानगी देणार, कारण नवीन कॉटेज म्हणजे नवीन कर. हा तिढा एकट्या सांडपाण्याचा नव्हता, रस्ते आणि नियोजन यांचाही होता. म्हणून प्रांताने १ जानेवारी १९७१ पासून ‘डिस्ट्रिक्ट म्युनिसिपॅलिटी ऑफ मस्कोका’ अस्तित्वात आणली. आधीच्या पंचवीसेक छोट्या संस्था जाऊन सहा उरल्या: ब्रेसब्रिज, ग्रेव्हनहर्स्ट आणि हंट्सविल ही तीन गावं, आणि जॉर्जियन बे, लेक ऑफ बेज आणि मस्कोका लेक्स या तीन टाउनशिपा. वर एक जिल्हा परिषद. सोयीसाठी आपल्याकडच्या जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसारखी दोन मजली रचना समजा.

हे सगळं मस्कोकात शक्य झालं, कारण तिथे कर देणारी घरं दाट होती. आणखी उत्तरेला गेलात तर चित्र वेगळं आहे.

जिथे नगरपालिकाच नाही

ओंटारिओच्या नकाशावर उत्तरेचा फार मोठा भाग असा आहे जिथे कुठलीही नगरपालिका नाही. कायद्यात त्याला ‘अनऑर्गनाइज्ड टेरिटरी’ म्हणतात. शब्दावर जाऊ नका; तिथली माणसं पुष्कळ संघटित असतात. अर्थ एवढाच की तिथे निवडून दिलेली परिषद नाही, महापौर नाही आणि नगरपालिकेचा कर नाही. प्रांत थेट जमीनकर घेतो, आणि तो इतकी वर्षं इतका नाममात्र होता की २०१५ पासून टप्प्याटप्प्याने वाढवायला घेतल्यावर ओरड झाली. इथे खाणकामगारांच्या, लाकूडतोड्यांच्या जुन्या वस्त्या आहेत, आणि तळ्याकाठी कॉटेजंही आहेत.

नगरपालिका नाही म्हणजे रस्ता, कचरा, आग हे कुणी बघायचं? सरकारने दोन वेगवेगळ्या वेळी दोन उत्तरं दिली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यांत बोलकी गोष्ट आहे.

१९६४ मध्ये ‘लोकल रोड्स बोर्ड्स ॲक्ट’ आला. एखाद्या भागातल्या जमीनमालकांनी एकत्र येऊन रस्ता मंडळ स्थापन करायचं, स्वतःवर कर बसवायचा आणि त्यात प्रांताने भर घालायची. लोकांच्या एका डॉलरला सरकारचे दोन, असं ते प्रमाण. इथे सभेत मत कुणाला? जमीनमालकाला. तो तिथे राहतो की वर्षातून पंधरा दिवस येतो, हा प्रश्न नाही. रस्ता त्याच्या मालमत्तेपर्यंत जातो, तो पैसे देतो, त्याचा आवाज.

१९७९ मध्ये ‘लोकल सर्व्हिसेस बोर्ड’ ही दुसरी संस्था आली. किमान दहा रहिवासी एकत्र आले की सभा बोलावून मंडळाची मागणी करता येते. पाणीपुरवठा, अग्निशमन, कचरा, सांडपाणी, रस्त्यावरचे दिवे, करमणुकीच्या सोयी अशा मोजक्या कामांचे अधिकार. लोकांनी उभ्या केलेल्या डॉलरला सरकारचा एक डॉलर. दरवर्षी रहिवाशांची सभा, तिथेच मंडळाची निवड. आपल्या ग्रामसभेची आठवण यावी असा मामला. पण या कायद्याचा पाया जमीनमालक नव्हता, तर ‘रहिवासी’ होता: ज्याचं कायमचं किंवा मुख्य घर तिथे आहे तो.

बघा, पंधरा वर्षांच्या अंतराने त्याच जंगलात, त्याच लोकांसाठी दोन कायदे होतात. रस्त्यासाठी गाव म्हणजे मालक, आगीच्या बंबासाठी गाव म्हणजे रहिवासी. यात कुणाचा गोंधळ झाला असं मला वाटत नाही. रस्ता ही मालमत्तेची किंमत वाढवणारी गोष्ट आहे. आगीचा बंब मात्र चालवायला माणूस लागतो, आणि फेब्रुवारीच्या रात्री दोन वाजता उठून बंब बाहेर काढणारा माणूस शेजारीच राहणारा असावा लागतो. या वस्त्यांत अग्निशमन दल बहुतेक स्वयंसेवकांचंच असतं. १७९३ चं स्टॅच्यूट लेबर एका अर्थाने इथे अजून जिवंत आहे, आणि कायद्याच्या पुस्तकातही ‘स्टॅच्यूट लेबर ॲक्ट’ अजून आहेच.

भारतीय कायदा या बाबतीत सरळ एका बाजूला उभा आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलंय की एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला ‘सामान्यतः रहिवासी’ ठरत नाही. ग्रामपंचायतीची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते. म्हणजे रत्नागिरीतल्या बंद घराची घरपट्टी तुमच्या बाबांनी तीस वर्षं न चुकता भरली असली, तरी त्या पावतीवर ग्रामपंचायतीत मत मिळत नाही. इंग्रजी राजवटीत मत मालमत्तेला बांधलेलं होतं. प्रजासत्ताकाने ती गाठ मुद्दाम तोडली. ओंटारिओच्या नगरपालिकांनी मात्र ती कधीच पूर्ण सोडली नाही.

बिल कुणाच्या नावावर

१९९० च्या दशकात पुन्हा एक ‘आधुनिकीकरण’ आलं, या वेळी वरून आणि घाईने. माइक हॅरिस यांच्या सरकारने १९९६ ते २००१ या काळात ओंटारिओतल्या नगरपालिकांची संख्या ८१५ वरून ४४७ वर आणली. सोबत कामांचं वाटपही बदललं. अँब्युलन्स, सामाजिक घरबांधणी यांसारख्या गोष्टींचा भार स्थानिक संस्थांवर आला. १९९८ पासून प्रांतीय पोलिसांचं बिल सगळ्या नगरपालिकांना यायला लागलं; तोवर अनेक छोट्या ग्रामीण टाउनशिपांना ती सेवा फुकट होती. त्याच वर्षी करासाठी मालमत्तेची किंमत चालू बाजारभावाने ठरवायची नवी पद्धत आली. तळ्याकाठच्या जागांचे भाव वर चढत होते, त्यामुळे कॉटेजांचे करही चढले.

कवार्था लेक्समध्ये तर १६ नगरपालिका एकत्र करून २००१ मध्ये एक ‘सिटी’ बनवली. शेतं, तळी, छोटी गावं आणि नाव सिटी! लोकांना हे पटलं नाही. २००३ च्या मतदानात थोड्या फरकाने का होईना, पुन्हा वेगळं होण्याच्या बाजूने कौल गेला. नव्या सरकारने तो मानला नाही. ती सिटी आजही आहे.

पोलिसांच्या बिलाची पुढची गोष्ट २०१५ ची. नव्या पद्धतीत बिलाचा मूळ भाग मालमत्तांच्या संख्येवर वाटला गेला आणि त्यात हंगामी घरंही धरली. म्हणजे आठ महिने कुलूप असलेलं कॉटेजही एक घर. ज्या टाउनशिपांत अशी घरं हजारोंनी होती, त्यांची बिलं एकदम फुगली. त्यांचं म्हणणं, रिकाम्या घराला पोलीस कशाला? सरकारचं म्हणणं, गरज पडली तर पोलीस तिथेही जाणारच ना? दोघांचंही खोटं नाही. कॉटेज हे घर आहे का, हाच प्रश्न इथे बिलाच्या रूपात आला.

जनगणनेत उलट. तिथे माणूस त्याच्या मुख्य घरी मोजला जातो. २०२१ च्या जनगणनेनुसार मस्कोकाची कायम लोकसंख्या सुमारे ६७ हजार. जिल्ह्याच्या स्वतःच्या पाहणीत हंगामी रहिवाशांचा आकडा याहून मोठा निघतो. एकाच जागेची, एकाच सरकारी व्यवस्थेतली ही दोन वेगळी गावं आहेत, एक जनगणनेतलं आणि एक बिलातलं.

मतपेटी कॉटेजपर्यंत कशी पोहोचली

आता मतदान. १८८४ मध्ये ओंटारिओत अविवाहित आणि विधवा स्त्रियांना नगरपालिकेत मत मिळालं, तेही त्यांच्या नावावर मालमत्ता असेल तर. लग्न झालेलीला नाही. म्हणजे मालमत्तेने एक दार उघडलं आणि त्याच वेळी दुसरं लावलं.

आजचा कायदा १९९६ चा. त्यानुसार नगरपालिकेत मत द्यायला तुम्ही अठरा वर्षांचे आणि कॅनडाचे नागरिक हवेत. आणि एकतर तिथले रहिवासी, नाहीतर तिथल्या जागेचे मालक किंवा भाडेकरू, किंवा अशा मालकाचे-भाडेकरूचे जोडीदार. म्हणजे टोरोंटोत राहणारं आणि मस्कोकात कॉटेज असणारं जोडपं दोन्हीकडे मत देतं. 

हक्क होता, पण वापरणं अवघड. निवडणुका पूर्वी नोव्हेंबरमध्ये असत, २०१० पासून ऑक्टोबरच्या शेवटाकडे. थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला नळांतलं पाणी काढून, बोट काठावर घेऊन लोक कॉटेज बंद करतात, आणि दोन आठवड्यांनी मतदान! अल्बर्टा प्रांताने यावर वेगळी तोड काढली. तिथे १९१३ पासून ‘समर व्हिलेज’ नावाचा नगरपालिकेचा वेगळा प्रकारच आहे. त्यांची निवडणूक उन्हाळ्यात होते, माणसं तळ्यावर असतात तेव्हा. ओंटारिओने कॅलेंडर नाही बदललं, मतपत्रिका बदलली. आधी टपालाने मतदान, आणि २००३ पासून काही ठिकाणी इंटरनेटवरून. २०२२ च्या निवडणुकीत दोनशेहून जास्त नगरपालिकांनी ऑनलाइन मतदान ठेवलं होतं. कॉटेजांच्या टाउनशिपांना याचं आकर्षण का, हे वेगळं सांगायला नको.

यानंतर इंटरनेट ही स्वतःच एक सेवा झाली. २०१६ मध्ये कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने ब्रॉडबँड ही मूलभूत सेवा असल्याचं जाहीर केलं. मग कोविड आला आणि शहरातली कितीतरी माणसं लॅपटॉप घेऊन कॉटेजवर जाऊन राहिली. काही तिथेच थांबली. उन्हाळ्यापुरता बांधलेला सेप्टिक बारा महिने वापरात आला, जो खाजगी रस्ता हिवाळ्यात बंद असायचा तिथे प्लाऊची मागणी झाली. हंगामी आणि कायम यांच्यातली रेषा आधीच पुसट होती, ती आणखी पुसली गेली.

आणि तुम्ही?

आता शब्द दिल्याप्रमाणे तुमच्याकडे येतो. वरचा मतदानाचा नियम पुन्हा वाचा. पहिली अट वय, दुसरी नागरिकत्व. आपल्यातले बरेच जण पर्मनंट रेसिडेंट आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून काही जण मुद्दाम वर्षानुवर्षं पीआरवरच राहतात. काही विद्यार्थी किंवा वर्क परमिटवर आहेत. आता हंट्सविलच्या एखाद्या वृद्धाश्रमात नर्स असलेली, बारा महिने तिथे राहणारी, भाड्यातून आणि खरेदीतून त्या गावाला पोसणारी पीआर मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला त्या गावात मत नाही. आणि वर्षातून तीन आठवडे येणाऱ्या नागरिक कॉटेजमालकाला आहे. अमेरिकन कॉटेजमालकालाही नाही, कर कितीही भरला तरी.

कॉटेजवाल्यांचं मत काढून घ्यावं असं मी म्हणत नाही. त्यांच्या करावर या टाउनशिपा चालतात, आणि तळ्याच्या पाण्याची चिंता शंभर वर्षांपूर्वी त्यांनीच आधी केली, हेही खरं. पण बारा महिने राहणाऱ्याला बाजूला ठेवून ‘सेवा सुधारू’ म्हटलं की काय होतं ते या भागात दिसतं. बोटींच्या धक्क्यांचे नियम तपशिलात ठरतात. हॉटेलातल्या, दवाखान्यातल्या कामगारांना परवडणारी घरं कुठे बांधायची हा विषय रेंगाळतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. बैठकीत जे असतात त्यांचे प्रश्न आधी घेतले जातात, एवढंच. १८९४ मध्येही हेच होत होतं, फक्त तेव्हा बाहेर बसलेले लोक कॉटेजवाले होते.

१९७९ च्या त्या छोट्या मंडळांकडे म्हणूनच मला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. त्यांचे अधिकार किरकोळ, पैसा थोडा. पण बंब कोण बाहेर काढणार, हे विचारून त्यांनी सभा कुणाची ते ठरवलं. मोठ्या नगरपालिकांच्या सुधारणांमध्ये कर कोण भरतो आणि कागदावर नाव कुणाचं, हे विचारलं गेलं. काम कोण करतं हा प्रश्न क्वचितच आला.

ओंटारिओतल्या नगरपालिका निवडणुका दर चार वर्षांनी ऑक्टोबरमध्ये होतात. तुम्ही नागरिक असाल आणि भाड्याच्या घरात राहत असाल, तर तिथे मत आहे. यादीत नाव आहे का, एवढं बघा. नागरिक नसाल तरी परिषदेच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन दिसतात, आणि तिथे निवेदन देण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. पुढच्या वेळी कॉटेजवर जाल तेव्हा त्या टाउनशिपच्या एखाद्या बैठकीचं इतिवृत्त जरूर चाळा. कचऱ्याच्या डंपच्या वेळेवरून पाऊण तास वाद चाललेला सापडेल. डंप फक्त शनिवार-रविवारी उघडा ठेवायचा की आठवड्याच्या मधल्या दिवशीही, यावर. शनिवार-रविवार कुणाच्या सोयीचा आणि बुधवार कुणाच्या, हे आता तुम्हाला ओळखता येईल.